खिशाखालचा निळा रंग

शेतात राबून विटलेल्या डेनिमच्या विजारीचा खिसा उसवला की खाली कापडाचा मूळ निळा रंग जसाच्या तसा निघतो. भोवतालचं कापड उन्हाने आणि धुण्याने पांढुरकं पडलेलं, आणि मधेच तो गडद चौकोन. अलाबामा राज्यातल्या जीज बेंडच्या बायकांनी हा चौकोन लपवला नाही. विजारीच्या पायांच्या लांब पट्ट्या जोडताना खिशाची खूण गोधडीत जिथे येईल तिथे त्यांनी येऊ दिली. चिंध्यांची पांघरुणं अमेरिकेत घरोघर शिवली गेली, पण या वाडीइतकं नाव दुसऱ्या कुठल्या गावाचं झालं नाही.

जीज बेंड तिन्ही बाजूंनी अलाबामा नदीने वेढलेलं आहे. 1816 मध्ये जोसेफ जी या जमीनदाराने इथे गुलामांकरवी कापसाचा मळा सुरू केला. 1845 मध्ये मळा मार्क पेटवेच्या ताब्यात गेला आणि मालकाचं आडनाव गुलामांना चिकटलं. आजही वाडीत पेटवेंचीच घरं जास्त. गुलामगिरी गेली तरी जमीन दुसऱ्याची, आणि बी-बियाणं उधारीवर. 1932 मध्ये उधारी देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या विधवेने वसुलीसाठी घरं अक्षरशः धुऊन नेली. गुरं, अवजारं, साठवलेलं धान्य, काही ठेवलं नाही. तो हिवाळा लोकांनी रेड क्रॉसच्या मदतीवर काढला. पुढे रूझवेल्ट सरकारने जमीन विकत घेऊन याच कुटुंबांना हप्त्यांनी दिली. लाकडी खोल्यांच्या फटींतून वारा यायचा, म्हणून भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली असत आणि अंगावर एकावर एक गोधड्या. अशा घरात कुठली चिंधी टाकाऊ ठरणार?

1942 मध्ये मिसूरी पेटवे यांनी नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याचे कामाचे कपडे फाडून एक गोधडी शिवली. मुलगी अर्लोन्झिया मदतीला होती. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून त्याची माया अंगावर घेता यावी, हा आईचा हेतू होता, असं अर्लोन्झिया यांनी पुढे सांगितलं. आजीच्या लुगड्याची वाकळ ज्यांनी पांघरली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्या गोधडीत जुनी लुगडी, धोतरं थरांवर थर घालून पसरतात आणि धावदोऱ्याने सगळे थर एकत्र बांधतात. जीज बेंडची रीत निराळी. आधी तुकडे जोडून वरचा पदर तयार करायचा, मग कापूस, मग अस्तर. कापूस पुष्कळदा जिनिंगमध्ये सांडलेला, झोडपून साफ केलेला. अस्तराला पिठाच्या आणि खताच्या गोण्या. वरचा पदर प्रत्येकीने एकटीने जोडायचा, त्यात दुसरीने बोट घालायचं नाही. टाके घालायला मात्र चौकटीभोवती शेजारणी जमत. सर्वांत आवडता नमुना ‘हाउसटॉप’. मधे एक तुकडा, त्याच्या एका बाजूला पट्टी, मग वळवून दुसरीला, असं फिरत फिरत चौकोनाभोवती चौकोन वाढवायचा. पट्टी अपुरी पडली तर तिलाच दुसऱ्या रंगाचा तुकडा जोडायचा. रेषा त्यामुळे मधेच मोडते, चौकोन कलतो, आणि नजर तिथेच खिळते. आधी रंगसंगती ठरवून इतकं धाडस कुणी केलं असतं असं मला वाटत नाही. कापड संपलं, म्हणून ते घडलं.

टंचाई मात्र नुसती कौतुकाची गोष्ट नव्हती. 1962 मध्ये, काळे लोक मतदार नोंदणीसाठी उठू लागले त्या काळात, नदीपलीकडच्या कॅमडेनला नेणारी फेरीबोट बंद झाली. तालुक्याच्या गावी जायला तासभराचा वळसा पडू लागला. फेब्रुवारी 1965 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे आले. नोंदणी करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, घरं गेली. 1966 मध्ये फ्रान्सिस वॉल्टर या धर्मगुरूच्या पुढाकाराने ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. न्यूयॉर्कच्या दुकानांसाठी माल जाऊ लागला, पण दुकानांना हवे होते सारखे नमुने, सारखे टाके. 1972 पासून सिअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवले गेले आणि उरलेली कात्रणं बायकांनी घरी नेली. त्या दशकातल्या गोधड्यांत पिवळा, शेवाळी हिरवा, लालभडक कॉर्डरॉय दिसतो तो तिथला. जाड कापडात बारीक तुकडे बसत नाहीत, म्हणून तुकडेही मोठे. दिवसा गिऱ्हाईक सांगेल तसं, घरी आपल्या मनासारखं.

जुन्या गोधड्या डास पळवायला जाळल्याही जात. मग विल्यम आर्नेट हा अटलांटाचा संग्राहक, लाकडांच्या ढिगावर टाकलेल्या ॲनी मे यंग यांच्या गोधडीचं छायाचित्र पाहून गावात पोहोचला. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन भरलं, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात. 2006 मध्ये टपाल तिकिटं निघाली. त्याच वर्षी फेरीबोटही पुन्हा सुरू झाली, तब्बल 44 वर्षांनी. गोधड्यांच्या पैशाच्या वाट्यावरून 2007 मध्ये काही जणींनी दावे लावले, ते पुढच्या वर्षी मिटले. ज्यांच्या हातांनी हे शिवलं त्यांच्यापर्यंत किती पोहोचतं, हा प्रश्न अशा प्रत्येक कौतुकाच्या वेळी विचारलाच पाहिजे.

आपल्या शेजारच्या राज्यात, उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळच्या सिद्दी बायकांची ‘कवंदी’ पाहा. आफ्रिकी वंशाच्या या बायका कडेपासून सुरुवात करून जुन्या कापडाचे तुकडे ठेवत, टाचत मध्यापर्यंत येतात. जीज बेंडशी असलेलं साम्य आफ्रिकेतून आलं असं मी म्हणणार नाही. सारखी गरज आणि हाताशी आलेलं सारखं जुनेर पुरेसं आहे.

उलट आज अमेरिकेत गोधडी शिवणं हा खर्चिक छंद झाला आहे. नवं कोरं कापड आणायचं, त्याचेच तुकडे करायचे, ते पुन्हा जोडायचे. तिथल्या मराठी घरांत तर कपाटं सुती साड्यांनी आणि मुलांना आखूड झालेल्या जीन्सनी भरलेली असतात. साडीचा जरीकाठ वेगळा काढावा, जीन्सची जाड शिवण टाळून पायाच्या पट्ट्या फाडाव्यात, अस्तराला जुनी चादर आणि मधे विरलेलं ब्लँकेट. कापूस नाही तर टाकेही दाट लागत नाहीत. चार-सहा इंचांवर दुहेरी दोऱ्याची गाठ मारली तरी थर सरकत नाहीत. नमुना कागदावर काढत बसू नये. सर्वांत मोठा तुकडा मधे ठेवावा आणि उरलेल्यांची लांबी जशी मिळेल तशी पुढची पट्टी जोडत जावी.