खारपाणातलं मीठ

घर, शेत आणि शुभवर्तमान : लेखांक 7

पर्वतावरच्या प्रवचनात येशू आपल्या शिष्यांना पृथ्वीचं मीठ म्हणतो. आपल्या मंडळ्यांत हे वचन इतक्यांदा सांगितलं जातं की त्याचा अर्थ पोराबाळांनाही पाठ आहे. मीठ चव आणतं, मीठ टिकवतं, तसे तुम्ही व्हा. वलगावात बसून मीही बरीच वर्षं एवढंच सांगत आलो. मग एकदा भातकुलीच्या अंगाला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर हेच बोलणं चाललं होतं, तर त्यानं मध्येच थांबवलं.

"मीठ म्हन्ता भाऊ? मिठानंच तं आमचं वावर खाल्लं."

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. त्यानं मला विहिरीवर नेलं. पाणी भरपूर होतं, नितळ होतं, आत वाकून पाहिलं तर तोंड दिसत होतं. विहिरीच्या बांधकामावर मात्र पाण्याच्या रेषेच्या वर हातभर पांढरा थर चढलेला. त्यानं नखानं तो खरवडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. जिभेला लावला तर खारट, आणि मागून कडवट. "पानी हाये, पन देता येत नाई. दोन पाळ्या देल्ल्या का जमीन फत्तर होते," तो म्हणाला. विहिरीवरची मोटर कित्येक हंगामांत सुरू झाली नव्हती.

अमरावती, अकोला, बुलढाणा या 3 जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा खारपाणपट्टा पसरला आहे. आपली पेढी वलगावाहून वाहत शेवटी त्या पूर्णेलाच मिळते. वरून पाहिलं तर जमीन काळीभोर, खोल, हेवा वाटावा अशी. पण मातीच्या बारीक कणांना सोडियम चिकटून बसतो. पाणी पडलं की ढेकूळ विरतं, बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात, पाणी खाली मुरत नाही आणि वाळल्यावर वर टणक पापुद्रा धरतो. कोंभाला तो फोडून वर यायला फार जड जातं. अशा जमिनीला आपण चोपण जमीन म्हणतो. खालचं पाणीही खारं, म्हणून ओलीत करायला जावं तर दुखणं वाढतं. पाण्यावर उभं राहून कोरडवाहू शेती करायची, अशी ही माणसं. मीठ या शब्दानं त्यांच्या डोळ्यांसमोर वरणाची वाटी कशी येईल?

रोजच्या गोष्टींतून अध्यात्म शिकायचं तर ती गोष्ट आधी नीट पाहावी लागते, ही सवय या मातीला नवी नाही. आपल्याच जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं ठिकाण. चक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टांत केशोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केले, तेही आंधळे आणि हत्ती यांसारख्या साध्या गोष्टींचेच. येशूही खमीर, दिवा, हरवलेलं नाणं, पेरणी यांतूनच बोलला, कारण ऐकणाऱ्यांच्या हाताला त्या वस्तूंची सवय होती. आपण मात्र त्याचे दाखले उचलतो आणि आपल्या हाताची सवय विसरतो. त्या शेतकऱ्यानं मला तेवढी चूक दाखवली, आणि मी घरी येऊन पुन्हा शुभवर्तमान उघडलं.

लूकाच्या 14 व्या अध्यायात शेवटी मिठाचीच गोष्ट आहे. चव गेलेलं मीठ ना जमिनीच्या कामाचं ना उकिरड्याच्या, असं तिथं येशू म्हणतो. जमीन आणि उकिरडा! ही ओळ मी शेकडो वेळा वाचली असेन, पण मीठ आणि वावर हे दोन शब्द येशूनं स्वतः शेजारी ठेवलेत, हे धुऱ्यावरून परत आल्यावरच दिसलं. आता, मिठाची चव जाते कशी? आपल्या डब्यातलं मीठ वर्षभर ठेवलं तरी खारटच राहतं. बायबलचे अभ्यासक सांगतात की त्या काळी मृत समुद्राच्या भागातलं मीठ शुद्ध नसे, त्यात जिप्सम आणि दुसरे क्षार मिसळलेले असत. ओलाव्यानं खरं मीठ निथळून जाई आणि मागं मिठासारखाच दिसणारा पांढरा, बेचव चुरा राही. ते वाचताना मी चमकलो, कारण खारपाणात चोपण जमीन सुधारायला कृषी विभाग जे टाकायला सांगतो, तेही जिप्समच. तिथं जे निरुपयोगी म्हणून फेकलं जाई, ते इथं वावराचं औषध आहे. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरून सोडियमला हुसकतो, आणि पावसाचं गोड पाणी त्याला धुऊन खाली नेतं.

पण त्यासाठी चर लागतो. शेतकऱ्यानं हेही समजावलं: "जिप्सम टाकलं अन् पानी जायाले वाटच नसली, तं मीठ जाईन कुठं?" पूर्णेचं खोरं सपाट, माती चिकट, निचरा नाही. मीठ वाईट नाही हो, ते साचलं हे वाईट. माझा सगळा अडलेला दाखला या एका गोष्टीनं सुटला.

घरी लोणचं घालताना पाहा. कैरीच्या फोडींना मीठ चोळून रात्रभर ठेवतात. सकाळी भांड्यात पाणी सुटलेलं असतं, त्याला आपण खारच म्हणतो. तोच शब्द. वावरातला खार जमिनीचा जीव घेतो आणि बरणीतला खार फोडींना वर्षभर राखतो. बरणीतलं मीठ फोडींच्या आत शिरलेलं असतं, वेगळं उरलेलं नसतं. हिवाळ्यात वावरात तुरीच्या ओल्या शेंगा उकडतो तेव्हाही तसंच: मूठभर मीठ पाण्यात गेलं की दिसेनासं होतं, आणि शेंग सोलताना दाण्यात लागतं. तीच मूठ एकाच शेंगेवर ओतली तर ती शेंग थुंकून टाकावी लागेल.

आता हे मी आपल्या मंडळ्यांविषयी बोलतोय, आणि जड मनानं बोलतोय. अमरावती-अकोल्यात आपण ख्रिस्ती माणसं मोजकी, चिमूटभरच. चिमूटभर असणं ही मिठाला लाजेची गोष्ट नव्हे, वरणाला तेवढंच पुरतं. पण आपण एकमेकांच्या आसऱ्यानं एका आवारात राहायला शिकलो. मिशनच्या कंपाउंडमध्ये घरं, तिथंच शाळा, तिथंच सोयरीक. घरातून बाहेर काढलेल्या माणसांना सुरुवातीला त्या आवारानं सावली दिली, हे विसरता येणार नाही. पण भिंतीच्या आत पिढ्यानपिढ्या राहिलेलं मीठ साचतं. मग उपासनेत आपणच आपल्याला मीठ म्हणत बसतो, आणि शेजारच्या वाड्यात मयत झाली तर कळतही नाही.

ही गोष्ट रेव्हरंड ना. वा. टिळकांना फार आधी दिसली होती. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी 20 वर्षांहून अधिक काळ मिशनमध्ये राबला, ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं, आणि 1917 मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून त्यानं 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती, न झालेल्यांनाही. 1919 मध्ये टिळक गेले, त्यामुळे त्या कामाला फार वेळ मिळाला नाही. माझ्या मते मराठी ख्रिस्ती इतिहासातलं ते सर्वांत धाडसाचं पाऊल होतं, आणि आपण त्याच्यावर पुरेसा विचार अजून केलेला नाही. टिळकांनी निचऱ्याचा चर खणायला घेतला होता.

आणि मीठ विरघळतं म्हणजे काय, हे आम्हा वलगावकरांनी लांब जाऊन पाहायची गरज नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे नेत असताना गाडगेबाबांनी इथं, पेढी नदीजवळ, देह ठेवला. त्यांची निर्वाणभूमी गावात आहे. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा, ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना ख्रिस्ती ठरवणं हा त्यांचा अपमान होईल. पण या माणसानं पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःच्या नावावर काही ठेवलं नाही. गावात आले की आधी खराटा हातात, रात्री कीर्तन, सकाळी पुढचं गाव. कुणाला शिष्य केलं नाही. मीठ एका जागी साचू नये म्हणून जणू त्यांनी आयुष्यभर काळजी घेतली. निर्वाणभूमीवरून जाताना माझ्या मनात योहानाचा 13 वा अध्याय येतो, गुरू कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतो तो. आपला प्रभू जे करायला सांगून गेला, ते करणारा माणूस दुसऱ्या वाटेनं आपल्या गावी आला, तर त्याच्यापुढं मान झुकवायला आपल्याला अडचण वाटू नये.

वलगावाहून परतवाड्याच्या रस्त्यानं जा. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनऱ्यांनी सुरू केलेलं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय आहे. इकडं अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये त्याच रोग्यांसाठी तपोवन उभारलं. ज्या माणसाला घरच्यांनी वेशीबाहेर ठेवलं, त्याच्या जखमेपर्यंत जाणारे दोन हात, एक ख्रिस्ती आणि एक हिंदू. जखम धुताना रोग्यानं विचारलं नसेल की हे मीठ कोणत्या बरणीतलं.

दाखला यापुढं ताणू नये. जिप्सम म्हणजे काय, चर म्हणजे काय, असं प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवत गेलो तर येशूची गोष्ट राहील बाजूला आणि आपलं शहाणपण पुढं येईल.

त्या शेतकरी भावाकडं मी या उन्हाळ्यात पुन्हा जाऊन आलो. त्यानं वावराच्या उताराच्या कोपऱ्यात शेततळं खणलं आहे, पावसाचं गोड पाणी धरायला. पुढच्या आठवड्यात खमिराचा दाखला घेऊ. तुमच्या घरी ज्वारीचं पीठ आंबवून आंबील करत असतील, तर या आठवड्यात एक रात्र ते पातेलं उघडून जरूर पाहून ठेवा.