तुळजापूरच्या पुढे दोन मुक्काम

धाराशिव जिल्ह्यात बाहेरगावचे लोक येत नाहीत, असे कोणी म्हणू लागला तर त्याला खुशाल खोटे ठरवावे. लाखांनी येतात. सोलापूरला गाडीतून उतरतात, एस. टी. धरतात, तासाभरात तुळजापूर गाठतात. मग रांग, दर्शन, कुंकवाची पुडी, कवड्यांची माळ, प्रसादाचे पेढे, आणि दिवेलागणीला पुन्हा सोलापूर! आमच्या जिल्ह्याच्या मातीला त्यांचे पाय लागतात ते एस. टी. स्टँडपासून महाद्वारापर्यंत. त्यांतल्या एखाद्या गृहस्थाला म्हणावे, "आलाच आहात तर दोन दिवस राहा की," तर तो आश्चर्याने विचारतो, "का हो? इथे आणखी पाहण्यासारखे आहे तरी काय?" आणि त्याच दमात दुसरा प्रश्न : "आणि जेवायचे कुठे?"

बाहेरच्याने असे विचारले तर राग येत नाही. पण माझ्या वर्गात बसलेली मुले पुण्याला नोकरीसाठी जातात आणि 'तुम्ही कुठले?' या साध्या प्रश्नाला 'सोलापूरकडचे' असे उत्तर देऊन मोकळी होतात, तेव्हा मात्र जिवाला लागते. दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड यांपलीकडे आपल्या मुलखाला काही ओळख आहे, हे त्या मुलांना कोणी सांगितलेलेच नसते. २०२० च्या जानेवारीत आमच्या गावी ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनाच्या नगरीला गोरोबाकाकांचे नाव दिले होते. त्या वेळी आलेल्या कित्येक साहित्यप्रेमींना गोरोबांचे तेर इथून तासाभराच्या आत आहे, हे इथे आल्यावरच कळले. तेव्हा वरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदा नीट लिहून टाकावीत, म्हणून हा लेख.

सुरुवात अर्थातच तुळजापूरची. भवानीबद्दल मी नवे काय सांगणार! पण दर्शनाची घाई थोडी आवरली तर काही गोष्टी दिसतात. हे देऊळ डोंगर चढून नव्हे, तर पायऱ्या उतरून गाठायचे आहे. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागते. देवळाच्या आवारात चिंतामणी नावाचा एक वाटोळा दगड आहे. त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा, आणि दगड कोणत्या बाजूला वळतो यावरून कौल समजायचा. शहाणीसुरती माणसेही इथे परीक्षेच्या निकालापासून मुलीच्या लग्नापर्यंत सारे विचारून घेतात. आणि ही देवी झोपते! नवरात्रापूर्वी घोर निद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर श्रम निद्रा, पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोह निद्रा. मूर्ती सिंहासनावरून हलवून खरोखरीच पलंगावर निजवतात. महिषासुराशी लढून दमलेल्या बाईला विश्रांती हवी, हा विचार ज्या कोणा पूर्वजाला सुचला, त्याच्या घरी काम करणारी बाई त्याने डोळे उघडे ठेवून पाहिली असली पाहिजे.

आता जेवणाचे. इथेच माझी तक्रार आहे. तुळजापुरातल्या एका चांगल्या चालत्या हॉटेलात मी एकदा भाकरी मागितली. पोऱ्या म्हणाला, "भाकरी न्हाई सर, तंदूर हाय, पंजाबी भाजी हाय." ज्वारीच्या मुलखात, जिथे मालदांडीची कणसे मोत्यांसारखी लगडतात, तिथे देवीच्या दारात भाकरी मिळू नये! त्याचे कारण मालकाने सांगितले. "पाहुण्याला भाकरी दिली तर तो म्हणतो, हे आम्हाला काय गरिबाचं वाढता?" पाहुणा असे खरोखर म्हणतो, की आपणच त्याच्या तोंडी ते घालतो, याचा शोध घेण्यासारखा आहे. तोवर माझा सल्ला असा : झगमगीत पाटी टाळावी, गल्लीतली घरगुती खाणावळ शोधावी, आणि बसण्यापूर्वीच विचारावे, "भाकरी थापता का?" थापत असतील तर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि येसर आमटी एवढे सांगावे. येसर म्हणजे धान्ये-डाळी आणि मसाला भाजून दळून ठेवलेले पीठ. घरात भाजी नसली तरी पाहुण्यापुढे लाज राहावी, म्हणून आमच्या बायकांनी काढलेली ही युक्ती. सकाळी न्याहारीला सुशीला मागावी. हे कोणा मुलीचे नाव नव्हे. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर दाण्याचे कूट घालून केलेला हा पदार्थ आहे. पोह्यांपेक्षा हलका आणि स्वस्त.

तुळजापूरहून दुसऱ्या दिवशी नळदुर्ग. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचा हा भुईकोट बोरी नदीच्या वळणात बसलेला आहे. त्याच्या आत रणमंडळ नावाचा जोडकिल्ला आहे, आणि या दोहोंच्या मधल्या नदीवर बंधारा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला : पाणीमहाल! पावसाळ्यात नदी भरली की पाणी बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आपण महालाच्या खिडकीशी उभे राहतो, समोर पाण्याचा पडदा, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि अंगावर थेंब नाही! चारशे वर्षे हे चालले आहे. मात्र वरच्या बाजूचे बोरी धरण भरले तरच नर-मादी वाहतात. आणि आमच्याकडे धरण भरणे ही दर वर्षीची गोष्ट नव्हे. तेव्हा श्रावण-भाद्रपदात आधी चौकशी करून निघावे. पाणी नसले तरी उपळी बुरुजावर चढावे. वरच्या लांबलचक तोफा आणि चहूकडचा मुलूख पाहून पायांचे श्रम विसरतात.

आमच्या विषयाच्या माणसाला नळदुर्गात आणखी एक पाहुणा भेटतो. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख काही वर्षांपुरता इंग्रजांकडे गेला, तेव्हा इथे कारभार पाहायला आला तो मेडोज टेलर. ठगांवरची त्याची इंग्रजी कादंबरी पुष्कळांना ठाऊक असते. पण 'तारा' ही त्याची १८६३ ची कादंबरी तुळजापूरच्या एका ब्राह्मण घरातल्या मुलीची आहे, आणि तिच्यात अफझलखान आहे, शिवाजी महाराज आहेत. एक परका माणूस इथे चार वर्षे राहतो आणि या मातीतली नायिका घेऊन परत जातो! आमचा मुलगा मात्र पुण्यात 'सोलापूरकडचा' होतो.

नळदुर्गाहून धाराशिवला यावे. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून हे गाव उस्मानाबाद झाले होते. २०२३ मध्ये त्याला सरकारी कागदावरही जुने नाव परत मिळाले. लोकांच्या तोंडून ते कधी गेलेच नव्हते. गावात ख्वाजा शमसोद्दीन यांचा दर्गा आहे. त्याच्या उरुसाला सगळ्या जातिधर्मांची गर्दी लोटते. गावापासून सात-आठ किलोमीटरवर बालाघाटाच्या कड्यात लेणी आहेत. अजिंठा-वेरूळ पाहिलेला माणूस नाक मुरडील. नक्षीकाम थोडे, दगड ठिसूळ, पडझड बरीच. पण मधल्या मोठ्या लेण्याच्या दालनात शिरले की भोवतालच्या खोल्यांचा काळोख आपल्याला गप्प करतो. मूळची ही बौद्धांची, पुढे जैनांची झाली, असे जाणकारांचे मत. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात या लेण्यांची गोष्ट आली आहे : करकंड राजाने इथे वारुळातून पार्श्वनाथांची मूर्ती काढली, सिंहासनावरची एक गाठ फोडायला लावली, आणि आतून पाण्याचा लोट उसळून लेणे भरून गेले. पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्या मुलखाच्या कथेत दगडातून पाणी फुटावे, यात नवल नाही.

लेणी पाहून परतल्यावर गावात गुलाबजाम खावा. धाराशिवचा गुलाबजाम ही आमची खरी मिठाई. दिवाळीत तिच्यासाठी दुकानांपुढे माणसे उभी असतात. तो वजनावर घ्यायचा आणि शक्य तर गरम खायचा. बाहेरून गडद तपकिरी, आतून रवाळ आणि पाक मधापर्यंत मुरलेला. पुण्या-मुंबईच्या डबाबंद पिठाच्या गोळ्यांशी त्याची तुलना करू नये. कारण त्याच्यात खवा आहे आणि तो खवा इथला आहे.

या खव्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिलेच पाहिजे. भूम, वाशी, कळंब हा पट्टा कोरडवाहू. पावसावर भरवसा नाही. म्हणून शेतकऱ्याने दावणीला म्हैस बांधली. पण रस्ते वाईट, गाव आडवळणी, आणि दूध काही उद्यापर्यंत थांबत नाही. मग त्याने ते आटवले. पाच लिटर म्हशीचे दूध रुंद कढईत घालायचे, खाली जाळ, हातात लांब दांड्याचे उलथणे, आणि क्षणभरही हात थांबवायचा नाही. शेवटी किलोभर खवा हाती येतो. तो टिकतो आणि दूरच्या बाजारात पाठवता येतो. गावोगावच्या या भट्ट्यांतून पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबे जगली. उन्हाळ्यात भट्टीशी तासभर उभे राहून पाहावे, म्हणजे पेढ्याची किंमत कळते. कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुळजापूरच्या कवडीलाही मिळाले. चांगलेच झाले. पण मानांकनाचा कागद म्हशीला चारता येत नाही. ज्या वर्षी चारा संपतो त्या वर्षी जनावरे छावणीत किंवा बाजारात जातात, भट्टी थंडावते, आणि मग खव्याच्या नावाखाली काय काय विकले जाते ते न बोललेले बरे. घेताना चिमूटभर तळहातावर चोळून पाहावा. तूप सुटले तर घ्यावा.

कुंथलगिरी हे भूम तालुक्यातले जैनांचे सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण हे मुनी इथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा आहे, आणि १९५५ च्या सप्टेंबरात आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन इथेच देह ठेवला. टेकडीवरची पांढरी मंदिरे दुरून दिसतात. येताना पेढे घ्यावेत, हे सांगायला नकोच. वाशी तालुक्यातले तेरखेडा फटाक्यांचे. तुमच्या अंगणात परवा उडालेला फटाका कदाचित तिथलाच असेल. परांड्याचा किल्ला भक्कम आहे, आणि विजापूरला पर्यटक जिच्याभोवती गर्दी करतात ती मलिक-ए-मैदान तोफ एके काळी तिथे होती. त्या बाजूला गेलात तर आठवडी बाजारच्या दिवशी जावे आणि अनेक डाळी एकत्र शिजवून केलेली झणझणीत बाजार आमटी भाकरी चुरून खावी. मांसाहारी मंडळींसाठी एवढेच की उस्मानाबादी शेळी ही देशात नावाजलेली जात आहे. काळ्या मसाल्यातले तिचे मटण कुठे चांगले मिळते, ते ज्या त्या गावच्या एस. टी. कंडक्टरला विचारावे.

तेर मी मुद्दाम मागे ठेवले. तेरणेच्या काठचे हे गाव पाहून कोणाला वाटणार नाही की दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दीच्या पुस्तकात याचे नाव होते. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर सांगितले आहे. तिथले तऱ्हेतऱ्हेचे कापड वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला जाई. ('वाट नसलेला मुलूख' हे शब्द वाचून आमच्याकडचा माणूस हसतो, काही वर्णने दोन हजार वर्षे टिकतात.) तेच हे तेर. इथले त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे आहे, मागची बाजू गोलाकार आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखे. मुळात तो बौद्धांचा चैत्य. आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे. गावातल्या लामतुरे घराण्याने शेतात, नदीकाठी, पांढरीत सापडलेल्या वस्तू वर्षानुवर्षे जपल्या. त्यांतूनच रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, नाणी. आणि तेरची हस्तिदंती स्त्री! इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती बाई सापडली. दोघींचे दागिने आणि उभे राहण्याची ढब पाहिली की त्या एकाच मुलखाच्या लेकी वाटतात. एक इटलीला दिली, दुसरी माहेरी राहिली.

मग गोरोबांच्या समाधीला जावे. ज्याने थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि खुद्द नामदेवांना 'कच्चे मडके' म्हटले, असा हा परीक्षक. आम्ही मास्तर मंडळी इथे जरा दबूनच वागतो. तेरला जेवणाची सोय बेताचीच आहे. धाराशिवहून निघताना धपाटे आणि दही बरोबर घ्यावे आणि नदीकाठी बसून खावे.

हे सारे केव्हा पाहावे असे विचाराल, तर मी दिवाळीनंतर दोन महिन्यांनी येणारी मार्गशीर्षाची अमावास्या सांगेन. तिला आम्ही वेळ अमावास्या म्हणतो. त्या दिवशी धाराशिव आणि लातूरकडची गावे ओस पडतात, दुकाने बंद, रस्ते सुने. सारे लोक शेतात. कडब्याची खोप करून तिच्यात पांडवांचे दगड मांडतात, पूजा करतात, आणि मग पंगत बसते. कोवळी तूर, हरभरा, वाटाणा, वाल आणि मिळतील त्या भाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, आणि मडक्यातली ताकाची आंबट-गार आंबील. हे कोणत्याही हॉटेलात मिळत नाही. पण बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही त्या दिवशी हाक येते, "या की पाव्हणं, आंबील घ्या." संकोच करू नये. पहिला तांब्या संपवला की दुसरा न विचारता भरला जातो. नको असेल तर तांब्यावर हात आडवा धरावा, नुसते 'नको' म्हटलेले तिथे कोणी ऐकत नाही.