हवामानानुसार अंजिराच्या जातीची निवड : कोपरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुरंदर तालुक्यातील अंजिरास सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, राजेवाडी या गावांतील फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी ठाण्याच्या बाजारात येतात. पिकलेले अंजीर झाडावरून उतरविल्यानंतर जेमतेम दोन-तीन दिवस टिकते; त्यामुळे उत्तम पिकलेले फळ शहरातील ग्राहकाच्या हाती क्वचितच पडते. घराच्या गच्चीवर, सोसायटीच्या अंगणात अथवा महाविद्यालयाच्या आवारात अंजिराचे एखादे झाड असावे, ही इच्छा यातूनच निर्माण होते. तथापि रोपवाटिकेतून भारी किमतीस आणलेले रोप तीन-चार वर्षे जोपासूनही फळे कच्चीच गळतात किंवा झाडावरच आंबतात, असा अनुभव अनेकांना येतो. या अपयशाचे खापर बहुधा माती, पाणी वा खत यांवर फोडले जाते. वास्तविक पुष्कळदा दोष निवडीचा असतो. ठाणे पूर्वेकडील कोपरीसारख्या खाडीकाठच्या, दमट वस्तीत ही निवड कोणत्या निकषांवर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. अंजिराची पुष्परचना

अंजीर म्हणजे फायकस कॅरिका ही वनस्पती वड, पिंपळ व उंबर यांच्याच प्रजातीतील आहे. फणसही याच कुळातला. ज्यास आपण फळ म्हणतो तो वस्तुतः एक पोकळ, मांसल पुष्पाशय असून शेकडो सूक्ष्म फुले त्याच्या आतील भिंतीवर असतात. क्वचितच दिसणाऱ्या व्यक्तीस मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणतात, त्याचे मूळ या रचनेत आहे. फूल असते, परंतु ते दिसत नाही. पुष्पाशयाच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. त्यास बागायतदार ‘डोळा’ म्हणतात. जातीच्या निवडीत हा डोळा किती महत्त्वाचा आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

२. फळधारणेनुसार चार गट

फळधारणेच्या पद्धतीनुसार अंजिराचे चार गट मानले जातात. पहिला गट सामान्य अंजिराचा. यात परागीभवनाशिवाय फळ पोसते व पिकते. दुसरा स्मर्ना गट. यात परागीभवन न झाल्यास फळे कोवळेपणीच गळून पडतात. तिसऱ्या सान पेद्रो गटात जुन्या फांदीवरील पहिला बहार परागीभवनाविना पिकतो, परंतु नव्या फुटीवरील मुख्य बहारास परागीभवन लागते. चौथा कॅप्री अंजिराचा. तो परागकण पुरवितो, त्याची फळे सामान्यतः खाण्याजोगी नसतात.

हे परागीभवन ब्लास्टोफॅगा सेनेस नावाची एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी करते व ती कॅप्री अंजिरातच वाढते. कॅलिफोर्नियातील बागायतदारांनी १८८० च्या दशकात स्मर्ना जातीची झाडे आणून लावली. झाडे जोमाने वाढली, फळे मात्र टिकेनात. १८९९ मध्ये ही माशी तेथे स्थिरावल्यानंतरच ती बाग फळास आली. मधल्या काळात माती व पाणी यांत कोणतेही वैगुण्य नव्हते. उणीव होती ती एका कीटकाची.

येथे एक शंका संभवते. कोपरीत उंबराची झाडे आहेत, उंबर फोडले की आत बारीक किडे दिसतात. मग ते अंजिराचे काम का करीत नाहीत? याचे कारण असे की प्रत्येक फायकस जातीचा परागवाहक कीटक सामान्यतः ठरलेला असतो. उंबराची माशी सेरॅटोसोलेन प्रजातीची असून ती अंजिराच्या उपयोगी पडत नाही. म्हणून आपल्याकडे लावावयाची जात निरपवादपणे सामान्य गटातीलच असली पाहिजे.

याच कारणास्तव सुक्या अंजिरातील बियांपासून रोपे करणे व्यर्थ ठरते. स्मर्ना प्रकारच्या सुक्या फळातील बी रुजते, परंतु त्यापासून निघणारी सुमारे निम्मी रोपे कॅप्री प्रकारची असतात, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना परागीभवनाची गरज असते. अंजिराची अभिवृद्धी फाटे कलमाने किंवा गुटी कलमानेच करावी.

३. पुरंदर आणि कोपरी : हवामानातील अंतर

पुरंदर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. तेथील हवा कोरडी, पाऊस बेताचा व जमीन निचऱ्याची. कोपरी ठाण्याच्या खाडीलगत असून येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. शिवाय खाडीमुळे उरलेल्या काळातही हवेत ओलावा राहतो. अंजिरास थंडीची गरज अल्प असल्याने येथील सौम्य हिवाळा ही अडचण नाही. खरी अडचण ओलाव्याची आहे आणि ती दोन प्रकारांनी प्रकट होते.

पहिला प्रकार तांबेरा रोगाचा. सेरोटेलियम फिसी या बुरशीमुळे पानांच्या खालच्या बाजूस तांबूस पुटकुळ्या येतात व अकाली पानगळ होते. पाने गेली की फळात साखर भरण्याचे कार्य थांबते. दुसरा प्रकार फळ आंबण्याचा. पक्व फळाचा डोळा उघडा असल्यास पावसाचे पाणी, फळमाश्या व त्यांच्यासमवेत किण्व आत शिरतात; फळ तडकते, त्यास आंबूस वास येतो.

४. निवडीचे निकष

अंजिरास वर्षातून दोन बहार येतात. परंपरेने पावसाळ्यात पिकणाऱ्या बहारास खट्टा बहार व उन्हाळ्यात पिकणाऱ्या बहारास मीठा बहार म्हणतात. या नावांतच हवामानाचा धडा सामावलेला आहे. झाड एकच, माती एकच; केवळ पिकण्याचा महिना बदलला की चव बदलते. सबब ‘कोणती जात सर्वांत गोड?’ या प्रश्नाऐवजी ‘या जातीचे फळ आपल्याकडे कोणत्या महिन्यात पिकेल व तेव्हा आभाळ कसे असेल?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

फळ धरल्यापासून पक्व होण्यास साधारणतः १२० ते १४० दिवस लागतात. कोपरीत पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये हलकी छाटणी केल्यास नव्या फुटीवरील फळे फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या काळात तयार होऊ शकतात. जूनमध्ये पिकावयास येणारी फळे हाती लागतील, असे गृहीत धरू नये.

दुसरा निकष डोळ्याचा. अमेरिकेच्या मेक्सिको आखातालगतच्या दमट राज्यांत ‘सेलेस्ट’ ही लहान फळाची जात लोकप्रिय आहे, ती तिच्या मिटलेल्या डोळ्यामुळे. फळाचा आकार व रंग यांपेक्षा हा गुण दमट प्रदेशात अधिक मोलाचा ठरतो. तिसरा निकष रोपाच्या मूळ झाडाचा. ज्या झाडाचे कलम आहे ते झाड, शक्यतो किनारी भागातच, फळलेले पाहावे. परदेशी नावाची चिठ्ठी हा पुरावा नव्हे.

५. उपलब्ध जाती

महाराष्ट्रात सर्वाधिक रुळलेली जात ‘पूना अंजीर’ होय. दौलताबाद भागातील अंजिरातून निवडलेली ‘दिनकर’ व महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले राजेवाडी’ या अन्य परिचित जाती. पुरंदर तालुक्यातील जाधववाडी येथे या विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र आहे. मूळची कॅलिफोर्नियातील ‘डायना’ ही जातही भारतात लावली जाते. या चारही जाती परागीभवनाविना फळतात, म्हणून त्या विचारार्ह आहेत. मात्र यांपैकी कोणतीही जात तांबेऱ्यापासून सर्वथा मुक्त मानू नये. कोपरीत प्रारंभ करावयाचा झाल्यास सहज मिळणाऱ्या पूना अंजिराच्या खात्रीच्या कलमाने करणे व्यवहार्य ठरेल. कलम मोठ्या कुंडीत किंवा अर्ध्या पिंपात, तळाशी उत्तम निचरा ठेवून लावावे. कुंडी दक्षिणेच्या उन्हात, पण पावसाळ्यात छपराखाली हलविता येईल अशी ठेवावी. गळलेली रोगट पाने गोळा करून नष्ट करावीत व आवश्यकतेनुसार एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी.

समारोप

जातीची निवड म्हणजे गोडीची स्पर्धा नसून झाडाच्या वेळापत्रकाची स्थानिक ऋतुचक्राशी घातलेली सांगड होय. पुरंदरचे मानांकन हे फळाइतकेच त्या भूमीचे व हवेचे आहे. कलम आणता येते, हवा आणता येत नाही. त्यामुळे कोपरीत व्यापारी बाग करण्याचा मोह टाळणे इष्ट. परंतु सामान्य गटातील जात, मिटलेला डोळा, ऑक्टोबरची छाटणी व पावसाळ्यातील आडोसा या चार गोष्टी सांभाळल्यास एक-दोन झाडांपासून घरापुरती फळे मिळविण्याचा प्रयत्न निश्चितच करता येईल. महाविद्यालयाच्या आवारात असे एक झाड उंबराशेजारी लावल्यास परागीभवन, सहजीवन व हवामान हे तीनही पाठ विद्यार्थ्यांना एकाच ठिकाणी शिकविता येतील.