तारण कोणाचे?

तारण हा शब्द आमच्या कानांवर प्रथम पडला तो सावकाराच्या पेढीवर. दागिना ठेवून रक्कम उचलली की त्या दागिन्याला तारण म्हणतात, एवढीच आमची समजूत होती. पुढे कामगार चळवळीत पडल्यावर एका ख्रिस्ती फिटरशी आमचा स्नेह जडला आणि या शब्दाचा दुसरा अर्थ कळला. ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे पापापासून व मरणापासून सुटका.

एका कारखान्यात कंत्राटी कामगारांपैकी कायम कोणाला करायचे याची यादी लागायची होती. दारापाशी मांडव घालून आम्ही साखळी उपोषणाला बसलो होतो. रात्री एक पोरगा वैतागून म्हणाला, "यादी केव्हाच तयार झाली असेल. आपण इथे बसून काय उपयोग?" त्यावर फिटर हसले. म्हणाले, "अरे पोरा, जग निर्माण व्हायच्या आधीच यादी झाली असे मानणारे लोक आमच्या धर्मात आहेत. पण त्यांच्याइतके राबणारे लोक तुला शोधून सापडायचे नाहीत." त्या बोलण्याने आमची झोप उडाली. यादी आधीच ठरली असेल तर माणूस राबेल कशाला? आमचे शिक्षण बेताचेच. तेव्हा वाचनालयाची पायरी चढून जे हाती लागले त्यातून हा प्रश्न समजून घेण्याचा आम्ही प्रयत्न केला. तोच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वनियोजन म्हटले की आपल्याला सटवाई आठवते. पाचवीच्या रात्री ती बाळाच्या कपाळावर लिहून जाते आणि ते टळत नाही. पण ख्रिस्ती वादाचा रोख नोकरी, लग्न, आजार यांवर नाही. आत्म्याची अखेरची गती काय, यावर आहे. कर्मसिद्धान्ताशीही त्याचा मेळ बसत नाही. कर्माच्या हिशेबात माणसाचे स्वतःचे केलेलेच त्याच्यापुढे येते. पूर्वनियोजन मानणारा म्हणतो, माझ्या खात्यावर जमा काहीच नाही. मला सोडवले ते केवळ देवाच्या कृपेने, आणि ती कृपा माझी लायकी पाहून झालेली नाही.

वादाचे मूळ तीन विधानांत आहे. पहिले, माणूस तरतो तो केवळ देवाच्या कृपेने. दुसरे, सर्वांनी तरावे अशी देवाची इच्छा आहे. तिसरे, सर्व तरत नाहीत. यांतली कोणतीही दोन घट्ट धरली की तिसरे हातातून निसटू लागते. पहिले व तिसरे धरले तर देवाने काहींनाच निवडले असे म्हणावे लागते. दुसरे व तिसरे धरले तर माणूस देवाची कृपा नाकारू शकतो असे म्हणावे लागते. पहिले व दुसरे धरले तर शेवटी सर्वच तरतील असे निघते. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनचा कल या शेवटच्या मताकडे होता, पण सहाव्या शतकात चर्चने ते मत त्याज्य ठरवले. त्यामुळे मोठा झगडा राहिला तो पहिल्या दोन पक्षांत.

पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनचा पेलेजियस नावाचा विरक्त पुरुष रोममध्ये शिकवीत असे. त्याचे म्हणणे असे की देवाने आज्ञा दिल्या, त्या अर्थी त्या पाळण्याची शक्तीही माणसाला दिली आहे. मनात आणले तर माणूस नीट वागू शकतो. हे ऐकायला सरळ आणि उमेद वाढवणारे आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला कडवा विरोध केला. दारू सोडायची शपथ घेऊन संध्याकाळी पुन्हा गुत्त्यावर जाणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला 'मनात आण' म्हणून सांगणे सोपे. पण बिघडले आहे ते मनच. ऑगस्टीनचा मुद्दा हा आहे. मन सरळ करायला बाहेरून कृपा यावी लागते, आणि ती कोणाला द्यायची हे देव ठरवतो. ४१८ साली कार्थेजच्या सभेने पेलेजियसच्या मताचा निषेध केला. ५२९ साली ऑरेंज येथील सभेने कृपा आधी लागते हे मान्य केले. मात्र देव कोणाला दुष्कृत्यासाठी नेमतो हे मत तिने धिक्कारले.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेबरोबर हा वाद पुन्हा पेटला. १५२४ साली इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले; १५२५ साली ल्यूथरने त्याला उत्तर देऊन माणसाची इच्छा बांधलेली आहे असे प्रतिपादन केले. जिनिव्हाच्या कॅल्व्हिनने शेवटची पायरी गाठली: देवाने काहींना अनंत जीवनासाठी आणि काहींना नाशासाठी नेमले आहे. हा निर्णय धडकी भरवणारा आहे हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. मग असले मत लोकांना मानवले कसे? कॅल्व्हिन स्वतः फ्रान्समधून परागंदा झालेला होता, आणि त्याच्याभोवती असे कितीतरी निर्वासित होते. ज्याचे घरदार गेले, ज्याच्या मागे राजाचे शिपाई लागले, त्याला 'तुझे नाव देवाने लिहिले आहे, ते कोणी राजा खोडू शकत नाही' हा दिलासा केवढा वाटत असेल!

पण हेच मत सत्तेच्या हाती गेले तेव्हा काय झाले ते हॉलंडमध्ये दिसले. लायडन विद्यापीठातील प्राध्यापक आर्मिनियस म्हणू लागला की कृपा सर्वांपुढे ठेवलेली आहे. ती घ्यायला बळही कृपेनेच मिते, पण माणूस ती नाकारू शकतो. तो १६०९ साली वारला. १६१० साली त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले. त्यावर निर्णय देण्यासाठी १६१८-१९ मध्ये डॉर्ड्रेक्ट येथे सभा भरली आणि तिने ती कलमे फेटाळली. सुमारे दोनशे पाळकांना कामावरून दूर केले गेले. या वादाला राजकारणाचीही जोड होती. स्पेनशी तह की युद्ध, आणि सत्ता प्रांतांची की सेनापती मॉरिसची, हे तंटे त्यात मिसळले होते. निवेदनकर्त्यांचा पाठीराखा, एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा १३ मे १६१९ रोजी शिरच्छेद झाला. कायदेपंडित ग्रोशियस याला जन्मठेप झाली. १६२१ साली पुस्तकांच्या पेटीत बसून तो किल्ल्यातून निसटला. ठराव बहुमताने संमत झाला म्हणजे विरुद्ध पक्षाचे डोके उडवायची परवानगी मिळाली असे मानणारे लोक कामगार संघटनांतही आढळतात, म्हणून हा इतिहास आम्ही मुद्दाम सांगितला.

कॅथलिक चर्चने त्याच सुमारास निराळा मार्ग धरला. मोलिना या जेझुइटाच्या १५८८ च्या ग्रंथावरून जेझुइट आणि डॉमिनिकन यांच्यात कृपा व इच्छास्वातंत्र्य यांविषयी मोठे भांडण जुंपले. रोममध्ये वर्षानुवर्षे चौकशी चालली. अखेर १६०७ साली पोप पाचवा पॉल याने कोणाच्याच बाजूने निकाल न देता एकमेकांना पाखंडी म्हणू नका असे बजावले. क्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स हे जेझुइट त्या काळी गोव्यात होते. त्यांचा ग्रंथ १६१६ साली छापला गेला.

आता त्या फिटरच्या बोलण्याकडे वळू. यादी ठरलेली मानणारे स्वस्थ का बसले नाहीत? जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९०४-०५ साली याचे एक उत्तर दिले: आपण निवडलेल्यांत आहोत की नाही या काळजीपोटी ते शिस्तीने राबत आणि त्या राबण्यात आपल्या निवडीची खूण शोधीत. या उत्तरावर पुष्कळ वाद झाले आहेत. आम्हांला दुसरे, साधे उत्तर अधिक पटते. यादी आहे असे ते मानीत, पण ती कोणी वाचलेली नाही हेही ते मानीत. १७३९ साली इंग्लंडात ब्रिस्टलजवळ किंग्जवुडच्या कोळसा-कामगारांपुढे उघड्या मैदानात प्रथम व्हाइटफील्ड बोलला, आणि मागोमाग जॉन वेस्ली. व्हाइटफील्ड पूर्वनियोजन मानणारा, वेस्ली त्याचा कट्टर विरोधक; दोघांचे यावरून जाहीर भांडण झाले. पण कोळशाने माखलेल्या माणसांकडे दोघेही गेले. वेस्ली म्हणे, दार सर्वांना उघडे आहे. व्हाइटफील्ड म्हणे, कोण निवडलेला ते मला ठाऊक नाही, म्हणून सर्वांनाच हाक मारली पाहिजे.

वेस्लीच्या मेथडिस्ट मंडळ्यांत साधा मजूर चारचौघांत उभा राहून बोलायला, वर्गणी जमवायला आणि हिशेब ठेवायला शिकला. पंथाचे धुरीण पुष्कळदा सरकारच्या बाजूचे असत, पण शिकलेले माणूस विसरत नाही. १८३४ साली टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना बांधताना गुप्त शपथ घेतल्याबद्दल सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट प्रवचनकार होता. लोकांनी रान उठवले आणि १८३६ साली त्यांना माफी मिळाली.

या वादाचा एक धागा आपल्या मराठीपर्यंत येतो. इंग्लंडातील काही बॅप्टिस्ट कॅल्व्हिनच्याही पुढे गेले होते. निवडलेल्यांना देव स्वतःच आणील, तेव्हा इतरांना विश्वास ठेवा म्हणून विनवणे गैर, असे ते मानीत. केटरिंगचा पाळक अँड्र्यू फुलर याने १७८५ साली पुस्तक लिहून हे खोडले. तो स्वतः पूर्वनियोजन मानणाराच होता. पण शुभवर्तमान प्रत्येकाला सांगितलेच पाहिजे असे त्याने दाखवले. त्याचा मित्र विल्यम कॅरी हा जोडे शिवणारा, पुस्तके मिळवून स्वतःच भाषा शिकलेला माणूस. त्याने १७९२ साली याच विषयावर पुस्तिका काढली. त्याच वर्षी केटरिंगला मिशन मंडळी स्थापन झाली आणि १७९३ साली कॅरी बंगालात उतरला. १८०५ साली श्रीरामपूरहून त्याचे मराठी व्याकरण छापून निघाले, १८१० साली मराठी कोश. त्याची धर्मप्रसाराची बाजू कोणाला रुचो वा न रुचो, यादीच्या भरवशावर तो घरी बसला नाही एवढे खरे.

वाद अजून मिटलेला नाही, पण त्याची धार कमी झाली आहे. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मान्य केले की स्वतःच्या दोषाविना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, तेही तरू शकतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा कॅल्व्हिनच्या परंपरेतील प्रेस्बिटेरियन आणि वेस्लीच्या परंपरेतील मेथडिस्ट एका छपराखाली आले. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावरून एका वृद्धाचे डोके उडाले, तो प्रश्न तसाच ठेवून माणसे शेजारी बसू शकली.

ती कारखान्याची यादी पुढे लागली. त्या पोराचे नाव तीत नव्हते. तो म्हणाला, "नशीब." फिटर त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "देवाची यादी मी पाहिलेली नाही, म्हणून तिच्याविषयी मी बोलत नाही. ही मात्र माणसाने टाइप केलेली आहे, खाली सही आहे. हिला जाब विचारायचा." मग त्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढले.

देवाच्या यादीविषयी विद्वानांनी दीड हजार वर्षे वाद घातला आणि पुढेही घालतील. आम्ही त्यातून एवढेच शिकलो की ती यादी आपण वाचली आहे असे जो सांगतो त्याच्यापासून सावध राहावे, आणि माणसाने केलेली यादी कोणी देवाची म्हणून पुढे केली तर ती मुकाट्याने मान्य करू नये.