नॅकची फाईल म्हणजे गुणवत्तेचे ऑडिट नव्हे

नॅकची, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, समिती येणार म्हटले की अनेक महाविद्यालयांत रात्री उशिरापर्यंत काम चालते. जुने फोटो शोधले जातात, राहिलेल्या सह्या घेतल्या जातात, वर्षभराची इतिवृत्ते दोन दिवसांत तयार होतात. त्यामुळे अंतर्गत गुणवत्ता ऑडिट हे पाच वर्षांतून एकदा करायचे काम, असा समज पक्का झाला आहे. वास्तविक १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकला हे काम वर्षभर चालणे अपेक्षित आहे. त्यासाठीच प्रत्येक मूल्यांकित संस्थेत आयक्यूएसी, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष असतो. त्याची तिमाहीत किमान एक बैठक व्हावी आणि दरवर्षी एक्यूएआर हा वार्षिक गुणवत्ता अहवाल नॅककडे जावा, असा दंडक आहे.

ऑडिट म्हणजे शिक्षकांची झडती, ही भीतीही निराधार आहे. समजा, बी.एस्सी.च्या संख्याशास्त्राच्या पेपरात चौथ्या घटकावरचा प्रश्न बहुतेकांनी सोडून दिला. टक्केवारीच्या तक्त्यात हे दिसत नाही. प्रश्ननिहाय गुण पाहिले तरच कळते. मग विचारायचे, की तासिका कमी पडल्या, प्रात्यक्षिक झाले नाही, की आधीच्या वर्षाचा पायाच कच्चा होता? यातले बरेचसे एकट्या शिक्षकाच्या हातात नसते, आणि नेमके तेच ऑडिटने दाखवायचे असते.

ऑडिटचा सगळा भार कक्षाच्या समन्वयकावर टाकणे तर मला अन्यायाचे वाटते. कक्षाचे अध्यक्ष प्राचार्य असतात; त्यात व्यवस्थापनाचा, विद्यार्थ्यांचा, माजी विद्यार्थ्यांचा आणि स्थानिक समाजाचाही प्रतिनिधी असतो. हे लोक फक्त सहीपुरते आले, तर कक्ष नावापुरताच उरतो.

पुराव्यांचा ढीग मोठा म्हणजे गुणवत्ता मोठी, हा समज सर्वांत घातक. समजा, विद्यार्थ्यांनी अभिप्रायात लिहिले, ‘ग्रंथालय चारला बंद होते, आमची प्रात्यक्षिके साडेचारला संपतात.’ हे अभिप्राय फाईलला लागले म्हणजे ऑडिट झाले असे नाही. बैठकीत विषय निघाला का, वेळ बदलली का, पुढच्या वर्षी तीच तक्रार पुन्हा आली का, इथपर्यंत माग काढावा लागतो.

आणि श्रेणीबद्दल एक: नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेची असते, एकेका विभागाची नव्हे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी फक्त श्रेणीवर न थांबता महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरचा एक्यूएआर उघडा आणि विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर काय कार्यवाही झाली, तेवढे वाचा.