वैमानिकाच्या कमरेला पिस्तूल

२० डिसेंबर २०१५ ची सकाळ आपल्या बेटावरील पुष्कळांना आठवत असेल. आदल्या रात्री प्लेझान्सहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान मोंबासाला उतरवावे लागल्याची बातमी आली, आणि ज्यांचे कोणी त्या विमानात होते त्यांच्या घरी सकाळचा चहा तसाच निवून गेला. विमानात ४५९ प्रवासी व १४ कर्मचारी होते. शौचालयात संशयास्पद वस्तू सापडली, कप्तानाने जवळचा विमानतळ गाठला आणि सर्वांना घसरपट्ट्यांवरून सुखरूप खाली उतरवले. पुढे कळले की त्या वस्तूत पुठ्ठा, कागद आणि वेळ लावायचे एक घड्याळ एवढेच होते.

त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत आमच्या एका सहकाऱ्याने विचारले, "अमेरिकेत म्हणे वैमानिकाजवळ पिस्तूल असते. मग आपल्या विमानांत का नको?" मोंबासाच्या प्रसंगात पिस्तुलाचा काडीइतकाही उपयोग नव्हता, एवढे आम्ही तेव्हाच म्हणालो. पुठ्ठ्याच्या खोक्यावर गोळी झाडून काय होणार? परंतु प्रश्न मनातून गेला नाही. पुढे त्याच प्रश्नाला दुसरा फुटवा आला, तो आम्हां शिक्षकांच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला. म्हणून हा विषय वाचकांपुढे थोडा विस्ताराने मांडतो.

प्रथम अमेरिकेची हकीकत. हवाई चाचेगिरीचे युग तेथे १९६१ साली सुरू झाले. त्या वर्षी विमाने क्यूबाकडे वळवण्याचे प्रकार घडू लागले, आणि सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी चाचेगिरीविरुद्धच्या कायद्यावर सही केली. ७ मे १९६४ रोजी कॅलिफोर्नियात एका प्रवाशाने दोन्ही वैमानिकांना गोळ्या घातल्या, विमान कोसळले आणि ४४ माणसे गेली. त्यानंतर वैमानिक-कक्षाच्या दाराला उड्डाणात कुलूप असलेच पाहिजे असा नियम आला. दाराची गोष्ट येथून सुरू होते. ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१७ मार्च १९७० रोजी बोस्टनच्या वाटेवर असलेल्या विमानात एक पिस्तूलधारी आत शिरला व त्याने दोन्ही वैमानिकांवर गोळ्या झाडल्या. सहवैमानिक जेम्स हार्टली यांना वर्मी घाव बसला होता. तशाही स्थितीत त्यांनी हल्लेखोराचे पिस्तूल हिसकावून घेतले, त्याच्यावरच झाडले, आणि मग प्राण सोडला. कप्तान रॉबर्ट विल्बर यांनी जखमी हातांनी विमान उतरवले. हत्यारी वैमानिकाच्या बाजूने बोलणारे आजही या घटनेचा दाखला देतात, आणि देण्याजोगाच तो आहे. मात्र पुढे त्या देशाने जो मार्ग धरला तो निराळा होता. जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. पिस्तूल विमानात चढूच द्यायचे नाही, हा तो मार्ग.

त्याच १९७० सालच्या ६ सप्टेंबरला ॲमस्टरडॅमहून न्यूयॉर्कला निघालेल्या एल अल कंपनीच्या विमानात दोन अपहरणकर्ते उठले. कप्तान उरी बार-लेव्ह यांनी दार उघडले नाही. त्यांनी विमानाचे नाक एकदम खाली केले. आसनाला बांधलेले प्रवासी जागच्या जागी राहिले आणि उभे असलेले दोघे तोल जाऊन पडले. बाकीचे काम विमानातल्या सशस्त्र पहारेकऱ्याने व प्रवाशांनी केले. वैमानिकाच्या हाती सर्वांत मोठे हत्यार त्याचे विमानच असते, ही गोष्ट आम्हांला या प्रसंगावरून प्रथम उमगली.

मुंबईहून निघालेल्या पॅन ॲमच्या विमानाचीही आठवण येथे काढली पाहिजे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीला ते विमान सशस्त्र टोळीने ताब्यात घेतले. मुंबईची हवाईसेविका नीरजा भनोट हिने वेळेवर इशारा दिला आणि वैमानिक कक्षाच्या छतातील झडपेतून बाहेर पडले. विमान उडवणारा कोणी उरलाच नाही, म्हणून ते जमिनीवरच राहिले. वैमानिक पळाले असे त्या वेळी काहींनी म्हटले, पण त्यांनी नियमाप्रमाणेच केले होते. किंमत मात्र मागे राहिलेल्यांनी मोजली. वीसहून अधिक माणसे मेली, त्यांत प्रवाशांना बाहेर काढता काढता नीरजाही गेली. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

११ सप्टेंबर २००१ ने हे सारे हिशेब उलटे केले. तोवर वैमानिकांना शिकवण अशी होती की अपहरणकर्त्याशी झगडू नका, तो म्हणेल तिकडे विमान न्या, खाली उतरल्यावर बोलणी होतील. त्या दिवशीच्या एकोणीस जणांना खाली उतरायचेच नव्हते. त्यांना विमान हवे होते, आणि दारे तकलादू होती.

त्यानंतर अमेरिकी वैमानिकांनी एक बिनतोड सवाल केला. अपहृत विमान लढाऊ विमानांकडून पाडण्याची मुभा सरकार देते. म्हणजे आमच्यासकट सर्व प्रवाशांना मारण्याची तयारी आहे, पण आमच्या हाती एक पिस्तूल देण्याची नाही, हे कसे? याला उत्तर देणे सोपे नव्हते. तरी मे २००२ मध्ये वाहतूक-सुरक्षा खात्याचे प्रमुख जॉन मॅगॉ यांनी सिनेटच्या समितीपुढे विरोध नोंदवला. वैमानिकाने आपले लक्ष विमान ताब्यात ठेवून ते लवकर उतरवण्यावर द्यावे, असे त्यांचे म्हणणे. लोकप्रतिनिधींनी ते मानले नाही. १० जुलैला कनिष्ठ सभागृहात ३१० विरुद्ध ११३ आणि ५ सप्टेंबरला सिनेटमध्ये ८७ विरुद्ध ६ अशी मते पडली. २५ नोव्हेंबर २००२ रोजी कायदा झाला आणि एप्रिल २००३ मध्ये ४४ वैमानिकांची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. पुढे मालवाहू विमानांच्या वैमानिकांनाही ही मुभा मिळाली.

आता व्यवस्था कशी आहे ती पाहा, कारण चर्चेत लोक हेच विसरतात. वैमानिकाने आपखुशीने अर्ज करावयाचा. त्याच्या पूर्वचरित्राची व मनःस्थितीची तपासणी होते. सुमारे आठवडाभराचे शिक्षण होते, आणि नंतरही नेम पुन्हा पुन्हा तपासला जातो. पिस्तूल सरकारचे. त्याचा अधिकार वैमानिक-कक्षापुरताच. दाराबाहेर प्रवाशांत मारामारी झाली तरी त्याने पिस्तूल घेऊन बाहेर यायचे नाही. म्हणजे जो दार फोडून आत येईल त्याच्याकरताच ती गोळी. हे आत्मरक्षणाचे हत्यार खरे, पण कुंपण घालून दिलेले.

आणि इतक्या कुंपणातही ते उडालेच. २२ मार्च २००८ रोजी डेन्व्हरहून शार्लटला निघालेले विमान उतरण्याच्या बेतात असताना कप्तानाचे पिस्तूल सुटले. गोळी कक्षाच्या भिंतीतून आरपार बाहेर गेली. १२४ प्रवासी होते, कोणाला इजा झाली नाही. चित्रपटात दाखवतात तसे विमान फुटले नाही की माणसे भोकातून ओढली गेली नाहीत. एक लहानसे छिद्र पडले आणि विमान ठीक उतरले. ही बाब हत्यारांच्या बाजूची म्हणून आम्ही मुद्दाम नोंदवतो. पण गोळी सुटली कशी? नियम असा होता की कक्षाबाहेर जाताना पिस्तूल त्याच्या पिशवीत ठेवून चापाजवळून कुलूप घालायचे. पिस्तूल पिशवीत पुरते बसले नसेल तर कुलूप घालतानाच चाप दाबला जाण्याचा धोका होता. सुरक्षिततेसाठी लावलेल्या कुलपानेच घोटाळा करावा, याला काय म्हणावे!

२००३ पासून आजवर अशा वैमानिकाने हल्लेखोरावर गोळी झाडल्याची एकही घटना जाहीर झालेली नाही. समर्थक म्हणतात, धाक आहे म्हणूनच कोणी येत नाही. विरोधक म्हणतात, एप्रिल २००३ पर्यंत सर्व प्रवासी विमानांना गोळीला दाद न देणारी दारे बसली, म्हणून कोणी येत नाही. दोन्ही एकदमच आल्याने निवाडा करणे कठीण. तरी आमचे माप दाराच्या बाजूला पडते. ते दार सगळ्या विमानांना आहे, पिस्तूल काहींतच.

मग दार लावले की झाले का? तसेही नाही. ७ एप्रिल १९९४ रोजी फेडेक्सच्या मालवाहू विमानात वैमानिकांवर हातोड्याने हल्ला करणारा त्याच कंपनीचा कर्मचारी होता. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने कप्तान बाहेर गेल्यावर आतून दार लावून घेतले आणि विमान आल्प्स पर्वतावर आदळवले. १५० जीव गेले. कप्तान बाहेरून दार ठोठावत होता, आणि चोराला अडवण्यासाठी केलेले दार घरधन्याला आत येऊ देईना. ऑगस्ट २०२२ मधल्या एका उड्डाणात, प्रवाशाच्या आजारपणामुळे विमान वळवायचे की नाही यावर वाद होऊन, सहवैमानिकाने कप्तानाला गोळी घालण्याची धमकी दिली, असे आरोपपत्र अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये दाखल झाले. हा सहवैमानिक याच योजनेखाली पिस्तूल बाळगत होता.

हत्यार कोणाविरुद्ध हवे याची चर्चा सगळे करतात. ते कोणाच्या हाती आहे आणि त्या दिवशी त्याचे मन कसे आहे, हे विचारणे मात्र जड जाते. घरात बंदूक ठेवण्याच्या वादात तर हाच प्रश्न मुळाशी आहे. २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, आत्मरक्षणासाठी घरी बंदूक ठेवण्याचा नागरिकाचा वैयक्तिक हक्क मान्य केला. जॉन लॉट हे अर्थशास्त्रज्ञ शस्त्रे वाढली की गुन्हे घटतात असे १९९८ पासून प्रतिपादन करीत आले आहेत, आणि वैमानिकांना शस्त्र द्यावे असेही त्यांनी आग्रहाने लिहिले. २००४ साली तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने सारे पुरावे तपासले व शस्त्रे बाळगण्याच्या कायद्यांमुळे गुन्हे वाढतात की घटतात हे ठरवता येत नाही, असे सांगितले. पण एक आकडा वादातीत आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. चोरासाठी आणून ठेवलेले हत्यार घरच्याच माणसाच्या दुःखाच्या घडीला हाताशी येते. विमानातल्यासारखी मनाची तपासणी, वारंवार परीक्षा, ठरलेली जागा, यांतले घरात काय असते?

या वादात अमेरिकेतले बंदूकवाले महात्मा गांधींनाही साक्षीला बोलावतात. इंग्रजांनी साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र केले याबद्दल गांधीजींनी कडक शब्द वापरले होते हे खरे. १८७८ चा तो कायदा अपमानास्पदच होता. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला नाही. काँग्रेसने त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा ठराव केले. परंतु गांधीजींचे ते शब्द १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकातले आहेत. हा कायदा रद्द व्हावा असे वाटत असेल तर सैन्यात जाऊन शस्त्र वापरायला शिका, असा त्यांचा सांगावा होता. उशाशी पिस्तूल घेऊन झोपा असे त्यात कोठेही नाही. आम्ही मुलांना शिकवतो की उतारा वाचताना मागची-पुढची ओळ वाचावी. ते मोठ्यांनाही लागू आहे.

आपल्या बेटावर बंदूक म्हटली की हरणांची शिकार आठवते. डचांनी १६३९ साली जावाहून आणलेल्या हरणांचे वंशज अजून येथे आहेत आणि शिकारही होते. परवाना, जागा, हंगाम सारे ठरलेले. त्यापलीकडे बंदूक आपल्या रोजच्या बोलण्यात येत नाही, हे आपले भाग्य.

आता तो दुसरा फुटवा. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील सँडी हुक शाळेत २० मुले व ६ मोठी माणसे मारली गेली आणि १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलँडच्या शाळेत १७ जण. तेव्हा वैमानिकाला दिले तसे शिक्षकालाही पिस्तूल द्या, ही मागणी जोरात आली. फ्लोरिडाने २०१९ साली वर्गावरच्या शिक्षकांनाही वाट मोकळी केली, टेनेसीने २०२४ साली.

त्या मागणीमागचे भय आम्ही खोटे मानत नाही. मारेकरी दाराशी आला तर पोलीस येईपर्यंत शिक्षकच उभा असतो. सँडी हुकमध्ये शिक्षिका मुलांसमोर रिकाम्या हाताने उभ्या राहिल्या आणि मेल्या. त्यांच्या हाती काही असते तर, हा विचार कोणाच्याही मनात येईल. आमच्याही आला.

पण वैमानिकामागे बंद दार आहे आणि कक्षात दोघेच माणसे. शिक्षकाच्या खोलीत चाळीस मुले असतात, त्यांच्या ऐंशी डोळ्यांना आमच्या खणातले सर्व काही ठाऊक असते. जप्त केलेल्या गोट्या कोठे ठेवल्या, गुणांची वही कोठे, किल्ली कोणत्या खिशात, हे आमच्याआधी त्यांना कळते. मधल्या सुट्टीत आम्ही पाणी प्यायला गेलो तर परत येईपर्यंत खडूची पेटी दुसऱ्या वर्गात पोहोचलेली असते. तेथे पिस्तूल कोठे ठेवायचे? कमरेला लावले तर शुद्धलेखन तपासायला वाकताना ते मुलाच्या डोळ्यांसमोर येणार, कपाटात ठेवले तर नेमक्या वेळी किल्ली सापडणार नाही.

आमच्या त्या सहकाऱ्याला आता आम्ही एवढे सांगू शकतो: वैमानिकाला पिस्तूल दिले याला आम्ही चूक म्हणत नाही, कारण तेथे दार आधी आले आणि पिस्तूल दारामागे राहिले. तरीही अमेरिकी वैमानिकांच्या संघटना पिस्तूल मिळाल्यावर थांबल्या नाहीत. वैमानिक शौचालयात जायला किंवा जेवण घ्यायला दार उघडतो ते काही क्षण त्यांना सतावत होते. या दारापुढे आणखी एक अडसर हवा, असे त्या वर्षानुवर्षे मागत राहिल्या. २०२३ साली त्याचा नियम झाला, पण नव्याने बांधल्या जाणाऱ्या विमानांपुरताच. जुन्या विमानांत दार उघडायची वेळ आली की हवाईसेविका जेवणाची ढकलगाडी वाटेत आडवी लावते आणि प्रवाशांकडे तोंड करून तिच्यामागे उभी राहते.