अक्षरांचा क्रम : डोळ्यांसाठीं आणि कानांसाठीं

अंबरनाथ पूर्वेस वालधुनी नदीच्या कांठीं जें प्राचीन शिवालय उभें आहे, त्याच्या शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काल दिलेला आहे. 'शिव' हा दोन अक्षरी शब्द देवनागरींत लिहिला कीं पहिल्याच अक्षरापाशीं एक गंमत आढळते. उच्चारांत 'श' आधीं आणि 'इ' मागून. कागदावर मात्र वेलांटी 'श'च्या डावीकडे, म्हणजे आधीं दिसते. शाळकरी मुलाला त्याचें कांहींच वाटत नाहीं. यंत्राला मात्र तें शिकवावें लागतें.

जुनीं टंकलेखन-यंत्रें या बाबतींत भाबडीं होतीं. त्यांवर वेलांटीची कळ आधीं दाबावी लागे, मग अक्षराची. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतानें उलट वाट धरली. संगणकांत 'श' आधीं व वेलांटी मागून साठविली जाते. पडद्यावर तिला डावीकडे नेऊन बसविणें हें निराळें काम. साठवण बोलण्याच्या क्रमानें, चित्र डोळ्यांच्या सोयीनें.

हीच विभागणी संबंध पानाच्या बाबतींत सीएसएस ही नियमावली करते. तिची कल्पना हॉकॉन ली यांनीं १९९४ सालीं मांडली. मजकूर एका ठिकाणीं, त्याची सजावट दुसऱ्या. मजकुराच्या भागांना 'फ्लेक्स' मांडणींत ठेवून एकेकास 'ऑर्डर' या गुणाचा अंक दिला, कीं लहान अंकाचा भाग आधीं दिसतो. अंक न दिल्यास तो शून्य धरतात; म्हणून उणे एक मिळालेला शेवटचा भाग सर्वांच्या पुढें येऊन बसतो. मूळ मजकुरांतील एक अक्षरहि हलत नाहीं. 'डायरेक्शन' आणि 'युनिकोड-बिडी' या जोडगुणांनीं तर ओळींतील अक्षरेंच उलटतात. 'कमल' लिहावें आणि 'लमक' दिसावें!

शेजारच्या उल्हासनगरांत उजवीकडून लिहिणें परकें नाहीं. फाळणीनंतर तेथें वसलेल्या कुटुंबांची सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपींतहि लिहितात आणि देवनागरींतहि. परंतु त्या लिपीसाठीं ही सक्ती नको. तिच्या अक्षरांना स्वतःची दिशा संकेतांतच दिलेली असते. सक्तीनें मात्र पत्त्यांतील ४२१००१ हा अंकहि १००१२४ असा दिसेल.

खरा धोका पुढेंच आहे. समजा, घरगुती दुरुस्तीच्या एका पानावर मूळ मजकुरांत 'दिव्याची तार सोडवा' हें वाक्य आधीं पडलें आणि 'वीज बंद करा' हें मागून. लेखकानें 'ऑर्डर'चा अंक देऊन तें पडद्यावर सुधारलें. डोळस वाचकास सर्व ठीक दिसतें. अंध वाचकाचें वाचनयंत्र मात्र सामान्यतः मूळ क्रमानेंच वाचतें, आणि वीज चालू असतांना त्याचा हात तारेकडे जातो. (नभोवाणीच्या श्रोत्यालाहि कानाखेरीज दुसरा क्रम मिळत नाहीं, हें येथें ध्यानांत यावें.) टॅबची कळहि त्याच मूळ वाटेनें जाते. म्हणूनच 'ऑर्डर'चा उपयोग केवळ दृश्य मांडणीपुरता करावा, चुकीचा क्रम झांकण्यासाठीं करूं नये, असें या नियमावलींतच बजावलेलें आहे. २०२५ सालीं क्रोम ब्राउझरनें 'रीडिंग-फ्लो' हा नवा गुण आणला. त्यायोगें वाचनयंत्रास दृश्य क्रमानें चालण्यास सांगतां येतें. तरीहि विजेचें वाक्य मूळ मजकुरांतच आधीं लिहिणें, हें अर्ध्या मिनिटाचें काम आहे.